गळवाल्यांच्या वतीनं ख्वाजा

सिरसाळ्यात जळालेल्या पाणमोटारींची वाइंडिंग भरून देणारा ख्वाजा शुक्रवारी दुपारनंतर दुकानात सापडत नाही, हे आसपासच्या दहा खेड्यांना ठाऊक आहे. जुम्म्याची नमाज झाली की तो सायकलच्या दांडीला बांबूची काठी बांधतो, डबीत गांडुळं घेतो आणि गावाबाहेरच्या तलावावर जाऊन बसतो. मासा लागो न लागो. आठवडाभर तांब्याच्या तारेत गुंतून शिणलेले डोळे पाण्यावर ठेवले की निवतात, एवढंच त्याचं म्हणणं.

त्याच्यासारखे आणखी पस्तीसेक जण तिथं येत. एसटीतून निवृत्त झालेले दोघं ड्रायव्हर, एक कंपाउंडर, केळीचा गाडा लावणारा अबरार, नातवंडांच्या कालव्यातून घटकाभर सुटलेल्या छबुबाई. बोलणं बेताचंच व्हायचं. कित्येकांना एकमेकांची नावंही माहीत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी तलावाचा ठेका नव्या मच्छीमार सोसायटीला मिळाला. सोसायटीचा सेक्रेटरी तानाजी, पिढीजात मासेमारीच्या घरातला. एका शुक्रवारी तो बांधावर आला, अबरारच्या हातातली नवीकोरी काठी हिसकावली आणि गुडघ्यावर धरून मोडली.

"उद्यापास्नं हितं गळ दिसला तर ठाण्यात नेऊन बसवीन."

संध्याकाळी सगळे ख्वाजाच्या दुकानात गोळा झाले. "ख्वाजाभाई, तुमीच बोला," छबुबाई म्हणाल्या. "तुमचा आवाज चढत न्हाई, आन् तुमाला कुनी दारातनं हाकलत न्हाई." ख्वाजानं आढेवेढे घेतले, पण अर्जावर सगळ्यात वर त्याचंच नाव लागलं.

बीडच्या मत्स्यव्यवसाय कचेरीत साहेबांनी अर्ज वाचला. "ही पस्तीस माणसं म्हणजे कोण? मच्छीमार?"

"न्हाई साहेब. हौशी. आवड हाय म्हनून बसतेत."

साहेब हसले नाहीत. नीट समजावून सांगितलं, की ठेका सोसायटीचा. तिच्या परवानगीशिवाय कुणालाच मासा धरता येत नाही. परतीच्या एसटीत ख्वाजा खिडकीला डोकं टेकून बसला. शेतकऱ्याची संघटना असते, रिक्षावाल्याची असते; नुसतं आवडतं म्हणून पाण्याकाठी बसणाऱ्याचं कुठंच खातं नसतं, हे त्याला पहिल्यांदाच उमगलं.

मग तो तानाजीच्या घरी गेला. तानाजीनं बसा म्हटलं, चहाही मागवला, पण तोंड सोडलंच. "मामू, तुमचा येळ जातोय आन् आमचं पोट जातंय. बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, आमी इकत आनून सोडायची. आन् पावसाळ्यात पोटुशी मरळ तुमी वडून काढायची. का म्हनून गप बसावं आमी?"

मागच्या आषाढात ख्वाजानंच अशी एक मरळ धरली होती. त्याच्या बायकोनं, सुरैयानं, तिची अंडी कांद्यावर परतली, सगळ्या घरानं बोटं चाटून खाल्ली, आणि मासा किती मोठा होता ते तो आठवडाभर सांगत फिरला होता. ते सगळं त्यानं तानाजीला सांगून टाकलं. तानाजीनं चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला. मग म्हणाला, "मग बोला, काय करायचं?"

तासाभरानं ठरलं ते असं: गळवाल्यांनी दरसाल वर्गणी काढायची आणि त्यातून सोसायटीसोबत बोटुकली सोडायची. पावसाचे दोन महिने गळ बंद. वीतभराहून लहान मासा परत पाण्यात. जाळी पश्चिमेला, गळ पूर्वेच्या बांधावर. आणि सोसायटीच्या बैठकीत गळवाल्यांचा एक माणूस.

दुकानात हे सांगितल्यावर अबरार ताडकन उठला. "तू आमचा वकील हायस का त्याचा बे? काठी माझी मोडली, आन् वर पैसे बी मीच द्यायचे?"

"काठी मी भरून देतो, अबरार."

"काठीचं न्हाई रे ते!"

तो गेला, त्याच्यामागं निम्मे गेले. उरले सतरा. रागात बोलला तरी अबरारचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच ख्वाजाला जास्त लागलं. तानाजीनं मोडलेल्या काठीबद्दल एक शब्द बोलावा, असं त्याला त्या दिवशी म्हणता आलं असतं. तहाच्या घाईत राहून गेलं. पुढं त्यानं तानाजीला अबरारच्या गाड्यावर नेलं. तानाजीनं माफी मागितली, अबरारनं मान हलवली. पण तो आता दुसऱ्याच तलावावर जातो.

सतराजणांच्या वर्गणीतून पहिल्या साली बोटुकलीच्या सहा पिशव्या आल्या. हवा भरलेल्या पिशव्या आधी तलावातच तरंगत ठेवायच्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं की तोंड सोडायचं, हे तानाजीनं छबुबाईंना हात धरून शिकवलं.

खरी वेळ आली ती गेल्या एप्रिलात. पाणी झपाट्यानं उतरत होतं. तलावात आप्पारावांच्या तीन मोटारी होत्या. आप्पाराव वरच्या अंगाचे मोठे बागायतदार. सोसायटीच्या बैठकीला तेही आले होते. तळाशी पाणी राखा, असं त्यांना कोण म्हणणार? तानाजीसुद्धा सतरंजीचे दोरे उसवत बसला. ख्वाजा उभा राहिला.

"मालक, तुमच्या तिन्ही मोटारी मीच भरल्यात. कोनती तासाला किती पानी वडती ते मला म्हाईत हाय. अशाच चालल्या तर बारा दिवसांत तळ दिसंल. मासं मरतील, आन् तुमची मोसंबी बी तेरावा दिवस काढनार न्हाई."

"ख्वाजा, माझ्या मोटारींवर तुझं दुकान चालतं," आप्पाराव शांतपणे म्हणाले.

"चालतंय मालक. लई वर्सं चालतंय. पन आज मी दुकानाच्या वतीनं आलेलो न्हाई."

दोन बैठकांनंतर तीनपैकी एकच मोटार, तीही दिवसाआड चालवायचं ठरलं. मे महिन्यात तलावात कमरेइतकं पाणी टिकलं. आप्पारावांच्या मोटारी आता परळीला भरायला जातात. सुरैयानं एकदा विचारलं, "एवढं करून मिळालं काय?" ख्वाजानं पुढच्या सालच्या वर्गणीची वही काढली. दोन नवी नावं लिहायची होती, त्यातलं एक तानाजीच्या मेहुण्याचं होतं.