सेवेला किती मार्क?

बाईंना सगळे काबाई म्हणत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवलं, पण पोरांनी त्यांना विचारले नसतील इतके प्रश्न त्यांनी पोरांना विचारले. ‘का बरं?’ हे त्यांचं पालुपद. निवृत्तीनंतर ते घरात सुरू झालं आणि सुनेच्या नाकीनऊ आले. म्हणून गुरुद्वारा कमिटीचे अध्यक्ष एका सकाळी दारात उभे राहिले, तेव्हा सुनेनंच लगबगीनं खुर्ची पुढे केली.

अध्यक्षांचं हार्डवेअरचं दुकान होतं. गुरुद्वाऱ्यालगतच्या दोन खोल्यांत कमिटीनं प्राथमिक शाळा काढली होती.

“बाई, पहिली ते चौथीचा अभ्यासक्रम करून द्या. गणित, भाषा, सगळं असू द्या, पण पाया शीख विचारांचा हवा.”

“अहो, मी शीख नाही.”

“म्हणून तर आलो. आम्हाला सगळं माहीत आहे असं वाटतं, त्यामुळे आम्ही काही विचारतच नाही.”

हे उत्तर काबाईंना फार आवडलं. दुसऱ्याच दिवशी वही घेऊन त्या ग्यानीजींपुढे बसल्या. ग्यानीजी म्हणजे तिथले ग्रंथपाठ करणारे वृद्ध गृहस्थ. ते म्हणाले, “तीन गोष्टी धरा. प्रामाणिक कष्ट, म्हणजे किरत. मिळालेलं वाटून खाणं. आणि देवाचं नाव मनात ठेवणं.”

“हे सात वर्षांच्या मुलाला कसं दिसतं?”

ग्यानीजी हसले. “मला विचारू नका. लंगरमध्ये येऊन बसा.”

काबाई डोक्यावर ओढणी घेऊन आठवडाभर त्या सामाईक स्वयंपाकघरात कणकेचे गोळे करत बसल्या. गुडघ्याला पीठ, वहीला पीठ. जेवायला सगळे एकाच ओळीत जमिनीवर बसत; डॉक्टरीणबाईंच्या शेजारी रस्ता झाडणारा. वाढणारा माणूस तोंडाकडे न बघता नुसत्या पुढे आलेल्या हातांकडे बघून वाढायचा. का बरं? त्यांनी लिहून ठेवलं. किती माणसं येतील हे न कळताही पीठ बरोबर कसं भिजवतात? तेही लिहिलं. त्यातून तिसरीच्या गणिताचा अंदाजाचा धडा तयार झाला.

घोडं अडलं ते प्रगतिपुस्तकापाशी. अध्यक्षांना ‘सेवा’ असा रकाना हवाच होता. “मार्कांशिवाय आईबाप ऐकतात होय?” काबाईंनाही वाटलं, करून तर बघू. दुसरीच्या वर्गात चांगल्या कामाला एक चांदणी द्यायचं ठरलं.

चार दिवसांत वर्गाची रणभूमी झाली. एका झाडूला दोन मुली लोंबकळू लागल्या. तहान नसलेल्या मुलाला तिघांनी मिळून पाणी पाजलं. कहर म्हणजे, भाविकांची पादत्राणं ओळीत लावायची म्हणून पोरं ती आधी विस्कटायला लागली. त्या गोंधळात एक आजी दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला घालून घरी पोचल्या.

काबाईंनी कपाळावर हात मारला. “ग्यानीजी, चूक माझी. मी चांदणी शिकवली, सेवा नाही.” त्यांनी तो रकाना खोडून टाकला.

“मग मूल शिकलं हे कळणार कसं?” अध्यक्ष हटून बसले.

“ते मलाही माहीत नाही. पण किरतचा धडा करून बघते. पोरं काम करणाऱ्या माणसांना भेटतील आणि एकच प्रश्न विचारतील. पहिला मान तुमचा.”

अकरा पोरं दुकानात शिरली. काउंटरपलीकडून जेमतेम डोळे दिसणाऱ्या एका मुलीनं वाचून दाखवलं, “तुमच्या कामात फसवणं सगळ्यात सोपं कुठे असतं?”

नोकर कामं सोडून बघत राहिले. प्रश्न काबाईंनीच लिहून दिला होता, पण तो असा धाडकन पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

“वजनात,” ते म्हणाले. मग त्यांनी जुना तराजू खाली घेतला आणि पारड्याच्या बुडाला लोहचुंबकाचा तुकडा चिकटवून दाखवला. काटा सरकला. पोरांनी तोंडात बोटं घातली. मग प्रत्येकाला तो तुकडा लावून बघायचा होता, आणि अध्यक्षांनी अकराही जणांना लावू दिला.

“तुम्ही कधी केलंय असं?” त्याच मुलीनं विचारलं.

“दुकान नवीन होतं तेव्हा. एक महिना.”

“मग थांबलात का बरं?”

“एका गिऱ्हाइकानं माझ्याकडून वजनावर साखळी घेतली आणि तो म्हणाला, ‘तुमच्याकडे मोजून बघावं लागत नाही.’ त्या दिवशी जेवण गेलं नाही.”

परतताना पोरं वाटेतल्या फळवाल्याचा, रद्दीवाल्याचा तराजू खाली वाकून तपासत होती. फळवाला वैतागला, तेव्हा काबाईंनी त्याची माफी मागितली आणि सहा केळी घेतली.

मार्कांचा विषय अध्यक्षांनी पुन्हा काढला नाही. काबाईंच्या वहीत किरतच्या प्रश्नाखाली मात्र स्वतःच्या अक्षरात भर घातली: ‘आणि थांबलात का?’

अभ्यासक्रम छापून आला. साधी चव्वेचाळीस पानं. चौथीचा देवाच्या नावाचा भाग तेवढा कोरा आहे. मुलांना रोज दोन मिनिटं शांत बसवून काबाई विचारतात, “काय ऐकू आलं?” कुणी पंखा म्हणतं, कुणी स्वतःचं पोट. त्या सगळं लिहून घेतात आणि वही घेऊन ग्यानीजींकडे जातात.