कान मोकळे असतात

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कामातल्या आठवणी कुणी विचारल्या की मी दुसऱ्याच सांगत आलो.

निवृत्तीनंतर विद्यापीठाने मला एक काम दिलं होतं. महाविद्यालयांत जाऊन प्राध्यापकांना सांगायचं, की वर्गातलं कुणीच बाहेर राहणार नाही असा अभ्यासक्रम कसा आखावा. मी बरं बोलायचो. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी नव्याने मुलाखत. कार्यशाळा संपल्यावर त्या थांबल्या. त्यांच्या वर्गातल्या जवळच्या कुंभारी गावच्या काही मुली घरी विड्या वळायच्या आणि त्यांचे निम्मे तास बुडायचे.

विड्या वळताना काय काय गुंतलेलं असतं, असं मी विचारलं. हात आणि डोळे, त्या म्हणाल्या.

"मग कान मोकळे आहेत की."

तास मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा, अंतर्गत परीक्षेची उत्तरंही मुलींच्या आवाजातच घ्या, असं मी सुचवलं.

त्यांनी ते मनापासून केलं. एका मुलीचं उत्तर मला ऐकवलं. मागे पानं कापणाऱ्या कात्रीचा आवाज, आईचं तेलुगूतलं बोलणं. उत्तर संपवून मुलगी विचारत होती, "मॅडम, विडी कामगाराच्या कार्डावर आईचं एकटीचं नाव हाय, विड्या आमी तिघी वळतो. मग कामगार किती धरायचे, एक का तीन?" हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नसता, असं मॅडम हसून म्हणाल्या.

मग तक्रार झाली. लेखी पेपर न घेताच गुण दिले म्हणे. प्राचार्यांनी बैठक बोलावली, मलाही मानाने बसवलं आणि विचारलं, "सर, हे तुम्ही सांगितलं होतं?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी हो म्हणणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

विद्यापीठाच्या कामातल्या माझ्या मुदतवाढीचा निर्णय त्याच आठवड्यात व्हायचा होता.

"मी आपलं ढोबळ बोललो होतो," मी म्हणालो. "परीक्षेत असं करा, असं नव्हतं सांगितलं."

मुलींची परीक्षा पुन्हा झाली, लेखी. पुढच्या मुलाखतीत मॅडमना तास मिळाले नाहीत. मला मुदतवाढ मिळाली. कान मोकळे असतात, हे वाक्य मी पुढे मोहोळपासून अक्कलकोटपर्यंत सगळीकडे वापरलं. त्यावर टाळ्या पडायच्या.

मागच्या महिन्यात त्या मंडईत भेटल्या. आता घरी शिकवण्या घेतात. माझ्या हातातली पिशवी घेऊन रिक्षापर्यंत आल्या. मी त्या मुलीची चौकशी केली.

"परत पेपर द्यायला ती आलीच नाही, सर. विड्या वळते. आता कार्ड तिच्या नावावर आहे."

आवाजात राग नव्हता. असता तर बोलणं सोपं गेलं असतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात रिक्षावाल्याने विचारलं, "काका, निघायचं का?"

"हो," मी म्हणालो.

म्हणायचं होतं ते एवढंच: मॅडम, ते मीच सांगितलं होतं. तुम्ही माझं ऐकलंत, आणि विचारल्यावर मी हात झटकले. मला माफ करा.