सगळ्यांत वरचा ठिपका

शेजारच्या ताई काही दिवस चरोद्याला भाच्याकडे राहायला होत्या. त्या गेल्याचा निरोप तो भाचा घेऊन आला, तेव्हा मी वरच्या फळीवरचा डबा काढत होते. उजवा हात तसाच वर राहिला... म्हातारपणानं, झोपेतच गेल्या. महिना होत आला, पण शेजारच्या क्वार्टरचं दार वाजलं की अजून मी चहात एक कप पाणी वाढवते.

मी गोंदियाकडच्या खेड्यातली, सातवीनंतर शाळा सुटलेली. लग्न होऊन भिलाईत आले, नवरा स्टील प्लांटमध्ये. शेजारी ताई, जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. माझ्या स्तनात गाठ लागली, कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. आणि त्याच आठवड्यात पेपरात आलं, की पेशीतला जीन दुरुस्त करून हा रोग बरा करायचे प्रयोग चाललेत. पेपर घेऊन मी ताईंच्या अंगणात धावले.

त्या रांगोळी काढत होत्या. एक ठिपका मुद्दाम सरकवून त्यांनी रेघा जोडल्या. कमळ वाकडं झालं. "पेशीतही असंच होते. एक खूण चुकली का ती वेड्यासारखी वाढत जाते. तो ठिपका जागेवर आणायचं शिकून राहिले लोक."

"मंग मी थांबते ना, ताई. कापाकापी कावून? मले लय भेव लागते."

"थांब ना! पण गाठ थांबते का, विचार तिले." मग हळूच म्हणाल्या, "ते औषध अजून प्रयोगशाळेत आहे बाई, अन् गाठ तुह्या अंगात. ते येईल तुह्या पोरीच्या कामी. तू आज ऑपरेशन करून घे."

केलं. गाठ गेली, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. ताई रोज गेरू घेऊन यायच्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर माझी बोटं पोचतील तिथे ठिपका, दुसऱ्या दिवशी त्याच्या जरा वर. मी रडायची. "रड, पण हात वर करून रड," म्हणायच्या. एक दिवस ठिपका द्यायला बुटक्या ताईंना पाटावर चढावं लागलं! तिथूनच ओरडल्या, "पाहा वो, सातवी पास बाईनं मास्तरणीले मागं टाकलं!"

त्याला वर्षं झाली. दर तपासणीत डॉक्टर म्हणतात, काही नाही. ते औषध अजून आलं नाही. पेपरात त्याचं काही दिसलं की पोरगी मोठ्यानं वाचून दाखवते. येईल.

परवा क्वार्टरच्या पुताईला, भिंतींना चुना मारायला, माणूस आला. "भाभी, ये दाग भी मिटा दूँ?" मी पुढे झाले, हात उंच केला, सगळ्यांत वरचा ठिपका तळव्यानं झाकला. म्हटलं, "अब मारो चूना." तो माझ्या बोटांभोवती कुंचला फिरवत राहिला... हात खाली आला नाही.