हातावरचं दही

आंबट दह्याचा वास आला की मला पाटणच्या वरचा तो कडा आठवतो. बाहत्तर सालचा हिवाळा सरत आला होता. माझा चुलतभाऊ आरमारात होता, लढाईत जहाजासकट बुडाला. घरी आली ती नुसती तार. कड्यावरून समुद्र दिसतो असं कुणीतरी सांगितलं आणि चुलतीनं तिथं जायचा धोशा लावला. शेवटी चुलता तिला घेऊन निघाला, सोबतीला मी. चढ अंगावर येणारा होता, वाळल्या गवतावरून पाय सटकत होते, कारवीच्या काटक्यांनी पोटऱ्या ओरबाडून निघाल्या, तरी पदराखालचा तांब्या तिनं मला धरू दिला नाही. वर पोचलो तर खालचं सगळं कोकण धुरकटलेलं. "ती पांढरी रेघ दिसती न्हवं, त्योच समुद्र," चुलता म्हणाला. ते धुकं होतं, हे मलाही कळत होतं. चुलतीनं तांब्यातलं दही स्वतःच्या तळहातावर घेतलं आणि हात त्या रेघेकडं लांब केला. "आवं, बोलावणं आलं तवा पोरगं गडबडीत निघालं. हातावर दही घालायचं ऱ्हाऊनच गेलं," ती म्हणाली. चुलत्यानं तोंड फिरवलं. वाऱ्यानं दही सुकेपर्यंत तिनं हात मागं घेतला नाही. आता माझा मुलगा परगावी निघाला की दही मीच घालतो. "बाबा, गाडी चुकेल," तो म्हणतो. चाटून होईपर्यंत मी त्याचं मनगट सोडत नाही.