हलक्या सायकलीचा हट्ट

गोव्यातल्या पाळी गावच्या लोखंडाच्या खाणीवर, वजनकाट्याच्या खोलीत बसून कृष्णनाथ गावसाचं अर्धं आयुष्य गेलं. ट्रक येऊन लोखंडी पाट्यावर उभा राहायचा, आत आकडा उमटायचा, तो चिठ्ठी फाडून द्यायचा. आधी रिकामा ट्रक, मग मातीने भरलेला. ड्रायव्हर मंडळी लबाड. भरलेला ट्रक मोजताना क्लीनराला सीटखाली दडवायचे, म्हणजे तेवढी माती जास्त भरली असं दिसावं. कृष्णनाथ खिडकीतूनच खेकसून त्याला खाली उतरवायचा, "ए, त्या मनशाक सकयल देंवय आदीं!" त्याच्या नजरेतून किलोभरही सुटत नसे.

पुढे खाणी बंद झाल्या. काटा बंद, ट्रक बंद, रस्त्यावरची लाल धूळही बसली. कंपनीने त्याला नावापुरतं कामावर ठेवलं, पण दिवसभर करायचं काय? घरात बसून तो बायकोच्या पाठीमागे लागला. तांदूळ जास्त शिजले, नारळ लहान आणला, देवाकडे तेल जास्त जळतं. कमलाक्षी सोसणारी होती, पण देवाच्या तेलावर बोट ठेवल्यावर तिचाही जीव उबगला. "खंय तरी भोंवून येयात बाबा," ती त्याला घराबाहेर पिटाळत म्हणाली.

ट्रक थांबल्यामुळे खाणीचे रस्ते मोकळे झाले होते आणि डिचोलीची काही मंडळी रविवारी पहाटे सायकली घेऊन तिकडे यायला लागली होती. तुषार नावाचा बँकेतला मुलगा त्यांचा पुढारी. कृष्णनाथाने गिअरची, पुढे शॉक असलेली, जाड चाकांची एक सायकल घेतली आणि तो त्यांच्यात शिरला. मंडळींचे दोन तांडे होते. एक डोंगरवाल्यांचा. हे जुन्या खाणीच्या चढाने माथ्यापर्यंत जायचे आणि पलीकडच्या खडकाळ वाटेने उतरायचे. दुसरा तळ्यावाल्यांचा. हे सपाटीने मयेच्या तळ्यावर जायचे, तिथे भाजी-पाव खायचे, फोटो काढायचे आणि घरी परतायचे.

कृष्णनाथाला डोंगर हवा होता. ह्या डोंगराची माती त्याने टनांनी मोजली होती. त्या माथ्यावर जायला आपल्याला नाही तर कोणाला हक्क, असं त्याला वाटायचं. पण चढावर तो दर वेळी मागे पडे. मंडळी वर थांबून थांबून कंटाळत. शेवटी एका रविवारी तुषार त्याच्या शेजारी येऊन बसला.

"काका, राग करूं नाकात. दिवाळी मेरेन पळोवया. नाजाल्यार तुमी तळ्यार वचात. थंय बरें आसा, भाजी-पाव मेळटा."

दिवाळीपर्यंतची मुदत, नाहीतर तळं! त्यात भाजी-पावाचं नाव काढलं आणि कृष्णनाथाच्या मस्तकात तिडीक गेली. घरी येऊन त्याने भाताच्या गिरणीतून आणलेला टांगता काटा ओट्याच्या वाशाला बांधला आणि त्याच्या आकड्याला, म्हणजे हुकाला, सायकल टांगली. सोळा किलो. वर काही ग्रॅम. "पळय!" तो कमलाक्षीला म्हणाला, "हो पळय चोर. म्हजे पांय बरे आसात. ही सायकल जड."

त्या दिवसापासून ओट्यावर वर्कशॉप झालं. स्टँड गेला, मडगार्ड गेले, घंटी गेली. कमलाक्षीने ग्रामदेवी सातेरीच्या पायाला लावून हँडलला बांधलेला लाल दोरा होता, त्याच्याकडेही त्याची नजर गेली.

"त्या दोऱ्याक हात लायशात जाल्यार पळयात," ती आतून म्हणाली. दोरा राहिला.

मग सुटे भाग येऊ लागले. पुण्याहून, बेळगावहून, कुठून कुठून. पातळ टायर, पातळ ट्यूब, ॲल्युमिनियमचं हँडल. प्रत्येक वस्तू काट्यावर आधी, मग सायकलीवर. जेवता जेवता तो मध्येच उठे आणि एखादा बोल्ट हातात घेऊन परत येई. सीटही नवीन आली. कमलाक्षीने ती हातात घेऊन पाहिली. "ही बसपाची काय विळयेची पाती?" तिने विचारलं. जुन्या गुबगुबीत सीटपेक्षा ती निम्म्याहूनही हलकी होती. त्याला इतका आनंद झाला की तो उत्तर द्यायलाच विसरला.

सीटचं उत्तर कोजागिरीला मिळालं. घरात सत्यनारायण होता. यजमान म्हणून कृष्णनाथ सोवळं नेसून पाटावर बसला आणि बसताक्षणी कळवळून अर्धा उठला. सकाळीच तो नव्या सीटवरून साखळी गावापर्यंत जाऊन आला होता. भटजींनी संकल्प सुरू केला. हा एकदा डाव्या मांडीवर, एकदा उजव्या. कलशावर अक्षता टाकायच्या तर ह्याचा हात जमिनीला टेकलेला.

"यजमान, नीट बसा," भटजी म्हणाले. "देव इथं आहे, तुमचं लक्ष कुठं?"

"लक्ष थंयच आसा भटजी," कमलाक्षी हळूच म्हणाली, "जंय बसल्यात थंय."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कथेचे पाच अध्याय कृष्णनाथाने गुडघ्यावर उभं राहून ऐकले. लोकांना वाटलं, काय भक्ती! कमलाक्षीला मात्र मनातून फार वाईट वाटलं. वर्षातून एकदा जोडीने देवासमोर बसायचं, तेही ह्या लोखंडापायी नीट झालं नाही. रात्री तिने तिळाचं तेल कोमट करून दिलं.

एवढं होऊनही आकडा बारावर अडकून राहिला. आता उरला होता पुढचा शॉक. तो एकटाच दोन किलोंच्या वर. कृष्णनाथ सायकल घेऊन बाबलीकडे गेला. डिचोलीच्या बाजारामागे बाबलीचं सायकलीचं दुकान. माणूस तोंडाने फाटका, पण हात साफ.

"हो काड आनी सादो फोर्क घाल," कृष्णनाथ म्हणाला.

"कृष्णनाथबाब, चडटना बरें दिसतलें. देंवतना फातर सगळे तुमच्या मनगटांत येतले."

"किलो कितलो उणो जातलो, तें सांग," उतारावरच्या दगडांची गोष्ट कानाआड करत कृष्णनाथ म्हणाला.

"तुमी काट्यार बसून बसून पिशे जाल्यात," बाबली वैतागला. "काट्यार ट्रक मेजतात, रस्तो मेजनात!"

"तूं घालता काय दुसऱ्याकडे वचूं?"

बाबलीने शॉक काढून त्याच्या जागी साधा, कडक फोर्क घातला. घालताना तोंडाचा पट्टा काही थांबला नाही, पण घातला. घरी येऊन सायकल काट्याला टांगली तेव्हा काटा अकराच्याही खाली थरथरला. कृष्णनाथाने ती एका बोटावर उचलून शेजारपाजाऱ्यांना दाखवली. मग हाक मारून कमलाक्षीलाही दाखवली.

तिने कमरेवर हात ठेवून आधी सायकलीकडे पाहिलं, मग त्याच्या पोटाकडे.

"सायकल मेजली, बरें केलें. पूण वयर बसपी मनीस कोण मेजतलो? ट्रकवाल्यांच्या क्लीनराक तुमी सकयल देंवयताले. हांगा तुमीच दडून बसल्यात."

कृष्णनाथाला हे लागलं. पाच किलो सायकलीतून काढायला त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. काट्याच्या खुर्चीत बसून वाढवलेलं पोट त्याने एकदाही त्या आकड्याला टांगलं नव्हतं. त्या दिवसापासून तो रात्री नुसती नाचण्याची आंबील प्यायला लागला आणि उपाशीपोटी आणखी चिडचिडा झाला. दिवाळीचे पोहे त्याने दह्यातले, गुळातले, नारळाच्या रसातले, सगळे नुसते चाखले. सणासुदीला माणूस पानावरून अर्धपोटी उठतो, ह्याचं कमलाक्षीला एवढं दुःख झालं की तिने स्वतःही बेताचंच खाल्लं.

दिवाळीनंतरचा रविवार आला. कृष्णनाथ डोंगरवाल्यांत उभा राहिला. आणि काय सांगावं, तो चढला! पहिल्या वळणावर त्याने दोघांना मागे टाकलं. सायकल पायाखाली आहे की नाही, कळू नये अशी पळत होती. माथ्यावर तो तुषारच्या पाठोपाठ पोचला. खाली सगळी पाळी दिसत होती, बंद पडलेली खाण, तिच्यात साचलेलं हिरवं पाणी, आणि एका कडेला काडेपेटीएवढी काट्याची खोली. त्याचा ऊर भरून आला.

"काका, मानलें तुमकां!" तुषार म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग उतार आला.

पावसाने पलीकडची वाट धुऊन काढली होती, नुसते दगड वर आले होते. बाकीचे आपल्या जड, शॉकच्या सायकलींवरून धडधडत निघून गेले. कृष्णनाथाच्या हँडलमध्ये मात्र प्रत्येक दगड बोलायला लागला. आधी मनगटं, मग कोपर, मग दात. थोड्याच वेळात त्याच्या बोटांना मुंग्या आल्या, आणि ब्रेक दाबायला गेला तेव्हा बोटं वळेनात. सायकल कुड्याच्या झुडपात शिरली. लागलं फारसं नाही, पण हातात जीवच राहिला नाही. सीटवर परत बसायचा विचारही त्याला सोसवेना. तो सायकल ढकलत, कधी खांद्यावर घेऊन चालत उतरला.

खाली मंडळी उन्हात बसून होती. कोणाला घरी पाहुणे, कोणाला बाजार. दोघेजण घड्याळाकडे पाहत उठले.

"चडले बरे, काका," तुषार म्हणाला. "पूण आमकां तुमची वाट पळोवची पडली. आदीं वयर, आतां सकयल." तो हसत होता, पण ओशाळून.

कृष्णनाथाला सगळ्यांचाच राग आला. तुषारचा, दगडांचा, बाबलीचं म्हणणं खरं ठरलं ह्याचा, आणि सगळ्यात जास्त त्या अकरा किलोंचा. चढाला हलकी हवी, उताराला मऊ हवी, आणि देवाने माणसाला सायकल एकच दिलेली. घरी आल्यावर त्याला भाताचा घासही उचलेना. कमलाक्षीने कालवून दिलं. "सांग, आतां किदें तें सांगून टाक," तो गुरगुरला. ती म्हणाली, "जेवात." आणि माशाचा काटा काढून बाजूला ठेवला.

हात बरे झाल्यावर तो बाबलीकडे गेला. जुना शॉक परत बसवून घेतला, जुनी सीटही. बाबलीने शॉक पुसून तयारच ठेवला होता, आणि त्याचा कृष्णनाथाला आणखीच राग आला.

पुढच्या रविवारी तो पाळीच्या नाक्यावर आला तेव्हा तळ्यावाल्यांनी त्याला हाक मारली. त्याने मान हलवली. डोंगरवाल्यांजवळ जाऊन तो तुषारला म्हणाला, "तुमी वचात. म्हजी वाट पळोवं नाकात. वयरय ना, सकयलय ना."

"काका, एकलेच येतले?"

"एकलोच. वाट म्हज्या पांयां सकयलची."

मंडळी गेली. तो मागून निघाला. जड सायकल, मऊ सीट, धापा टाकणारं पोट. पहिल्याच वळणावर पाय टेकला. दुसऱ्यावरही. माथा अजून लांबच होता आणि ऊन तापायला लागलं होतं. मंडळी केव्हाच पलीकडून उतरून घरच्या वाटेला लागली असणार. चढावर काजू वेचणाऱ्यांच्या पायवाटेने एक ओळखीचा ट्रकवाला मोळी घेऊन उतरत होता. त्याने विचारलं, "काट्यावयलेबाब, अशे एकलेच खंय?"

"वयर," कृष्णनाथ खेकसला आणि परत पॅडलवर उभा राहिला. "दिसना तुका? वयर!"