नाकाटोची तीन तासांची झोप

"आय ॲम फाइन, सर." अकराव्या मुलीनंही तेच सांगितलं.

अबू धाबीतल्या आमच्या हॉटेलात वेलनेस सर्कल चालू होतं. म्हणजे गोल मांडलेल्या खुर्च्या, मधोमध टिश्यूचा डबा आणि मन मोकळं करून घ्यायला एचआरचा प्रधान, म्हणजे मी. समोर युगांडा-केनियाच्या मुली, बावीस-तेवीसच्या. दारात बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या. सगळे त्यांना 'स्ट्राँग गर्ल्स' म्हणायचे. तसं म्हटलं की खुर्ची द्यावी लागत नाही.

मी दगडाला रडवणारा माणूस. आईच्या शेवटच्या आजारपणात मला पुण्याला जाता आलं नाही, हे असं रंगवून सांगितलं की एसीनंही हुंदका दिला. आई ठणठणीत आहे, रोज पर्वती चढते.

तेव्हा बारावी, नाकाटो, बोलली. "माझी आई मार्चमध्ये गेली, सर. त्या दिवशी मी दारात उभी राहून सगळ्यांना वेलकम म्हणत होते. मला स्ट्राँग म्हणू नका. मी दमलेय."

ती रडली. मग सगळ्याच. कुणी तिचे बूट काढले, कुणी तिचं डोकं मांडीवर घेतलं. पोरगी झोपली. काय झोप! शेजारी विमान उतरलं असतं तरी कूस बदलली नसती. उठली ती दहा वर्षांनी लहान होऊन. "सर, आय स्लेप्ट!"

मी खूश. रिपोर्ट लिहिला. वडील सोसायटीचे सेक्रेटरी, मिनिट्स लिहायचं वळण घरचं. नाव-वेळेशिवाय मला चैन पडत नाही. 'नाकाटो, १२.१० ते ३.१०, गाढ झोप. उपक्रम यशस्वी.'

जीएम माथूरसाहेबांनी बोलावलं.

"प्रधान, सर्कल कितने बजे खतम हुआ था?"

"बारा बजे, सर. लेकिन वो लडकी..."

"ड्यूटी पे तीन घंटे सोयी. तुमने ही लिखा है. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू नहीं होगा. खलास."

माझं रिन्यूअल पुढच्याच महिन्यात होतं. "येस सर," मी म्हणालो.

पत्र मीच टाइप केलं, मीच दिलं. नाकाटोनं उभ्यानंच सही केली. दारापाशी वळून म्हणाली, "तुम्हीही थोडं झोपा, सर. आई गेल्यावर झोप लागत नाही, मला माहितीये."

सर्कल अजून भरतं. सगळ्या फाइन असतात. मी तसंच लिहितो, आता नावं घालत नाही.