आम्ही वादळ झाडून काढलं

आता माझ्या हुशारीचं काय काय सांगू! सरपंच होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि मी अख्ख्या गावाची नुकसानभरपाई खराट्याने झाडून टाकली होती. हसू नका, चहा सांडेल.

झालं असं, ऐन आंब्यात वादळ आलं. हापूसची कलमं मोडली, काजू आडवे झाले, बागांत पाय ठेवायला जागा नाही. दुसऱ्याच दिवशी तालुक्याहून फोन. रेंज अशी, की चार शब्दांतले दोन गायब. "सरपंच मॅडम... उद्या पाहणी... गाव तयार ठेवा!"

पाहणी? माझ्या डोक्यात एकच पाहणी, स्वच्छ गाव स्पर्धेची! दिवाळीपासून मी तिची वाट बघत होते. म्हटलं, संकटात गाव कसं उभं राहतं तेच बघायला येतायत!

निघाले खराटा घेऊन. सगळ्यात जास्त कलमं पडली होती ती बाबलकाकांची. ते म्हणाले, "सरपंचबाय, ता सगळा तसाच रवांदे गो. कोणतरी बघूक येतले."

"बघूक येतले म्हणानच काढूचा, काका!" मी ठणकावलं.

आणि गाव उठलं हो! घरटी माणूस आला. संध्याकाळपर्यंत फांद्या, पडलेले आंबे, सगळं शाळेमागच्या मळ्यात. बागा अंगणासारख्या लख्ख. मला भरून आलं. अशी माणसं कुठल्या सरपंचाला मिळतात?

सकाळी पाहणीचं पथक यायच्या तासभर आधी तलाठी मॅडम आल्या आणि मटकन बसल्या. "अहो, वादळाच्या नुकसानीची पाहणी आहे! नुकसान कुठे ठेवलंत?"

"शाळेमागे," मी म्हटलं.

मग काय! काढलेलं वादळ परत लावायला गाव पुन्हा धावलं. "ही फांदी माझी!" "खंयची तुझी? सोड ती!" काकांच्या बागेत तर मी स्वतः भलीमोठी फांदी ओढत नेली.

पथकाचे साहेब आले आणि नेमके तिथेच थबकले. "मॅडम, तुमच्याकडे हापूसला फणस लागतो?"

मी सगळं कबूल केलं. "चूक माझी आहे, साहेब. पण नुकसान खरं आहे. माझ्यापायी लोकांची भरपाई बुडू नये."

साहेबांनी मोडक्या खोडावर हात ठेवला. "खोडं तर झाडली नाहीत ना? मग तीच मोजू." दिवसभरात एकेक कलम मोजलं, एकाचंही सुटलं नाही. जाताना म्हणाले, "एका दिवसात एवढं काम? असं गाव नाही बघितलं." माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू!

पुढच्याच आठवड्यात खरी स्वच्छतेची पाहणी आली. बागांत सगळीकडे फांद्या! काकांनी कोणाला हातच लावू दिला नव्हता. "सरपंचबायचो काय भरवसो? परत लावूक सांगात!"

भरपाई घरोघर मिळाली. आणि स्वच्छतेत आमचा नंबर पहिला, शेवटून.